समुद्रावर सोडलेलं पाणी

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१२ मार्च २०२५

चि. रितेश यास आईचे आशीर्वाद.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत, बीपीची गोळी चालू आहे. होळी यंदा आपल्या घरी नाही, तरी शेजारच्या कुसुमताईंनी पोळ्या पाठवते म्हणून आधीच सांगून ठेवलंय. एकाच गावात राहून आई चिठ्ठी काय लिहिते, असं म्हणशील. समोर बोलायला लागले की तू पाया पडतोस आणि मी विरघळते. म्हणून तुझ्याच लेकीच्या, भूमिकाच्या हाती ही देते आहे. मोबाईल बाजूला ठेव आणि पूर्ण वाच.

रविवारच्या सत्काराचं कार्ड मिळालं. कागद भारी आहे. माझ्या नावाआधी 'वीरपत्नी' छापलंय. अरे, लढाईत जिचा नवरा गेला ती वीरपत्नी. तुझे बापू एकाहत्तरच्या लढाईतून जिवंत परत आले, मिलमध्ये तीस वर्षं राबले आणि पंच्याहत्तराव्या वर्षी याच घरात, माझ्या हातचा चहा पिऊन गेले.

खाली छापलंय, 'सागर में विलीन होना उनकी अंतिम इच्छा थी.' ते वाचून माझं डोकंच फिरलं.

बापूंच्या वहीतली ओळ तू पेपरवाल्यांना दाखवलीस. 'समुद्रावर मी पाणी सोडलं.' पाणी सोडलं म्हणजे संबंध तोडला, पुन्हा नाव नको! मी माहेरच्या शेतावर पाणी सोडलं, तेव्हा काय बादली घेऊन शेतात ओतायला गेले होते? मला म्हणालास, "आई, राजघाटावर तापीत सोडून येतो." आणि अस्थी घेऊन गेलास थेट मुंबईला. होडीतले तुझे फोटो मी पेपरात पाहिले. गॉगलसुद्धा काढला नव्हतास.

आठ दिवस मी स्वतःची खोटी समजूत घातली. पोरगा हिंदीत शिकला, आपलं बोलणं त्याला कळलं नसेल, भोळेपणानं केलं असेल. मग परवा भूमिका सहज बोलून गेली, "आजी, मैंने पप्पा को बोला था, पाणी सोडणे म्हणजे छोड़ देना. पप्पा बोले, मुझे पता है बेटा, पर सुनने में अच्छा लगता है."

वा रे बहाद्दर! पालिकेतल्या पार्षदकीच्या तिकिटासाठी बापाची राखसुद्धा कामाला लावलीस.

नुसता अर्थच नाही, कारणही तुला ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत बापूंनी स्वतः तुला सांगितलं, मी तिथंच करंज्या भरत होते. निंबोला गावच्या लोटूला आपल्याबरोबर नेव्हीत त्यांनीच नेलं. "मावशी, मी आहे ना," असं त्याच्या आईला सांगून नेलं. जहाज बुडालं तेव्हा लोटूनं पाण्यात त्यांचा सदरा धरला होता. दोघं खाली जायला लागले. बापूंनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. एवढं सांगून ते तुझ्यापुढं लहान मुलासारखे रडले. "मला तापीतच सोड रे. समुद्रात लोटू आहे, त्याला मी तोंड कसं दाखवू?" म्हणाले. तू त्यांचा हात हातात घेऊन हो म्हणालास.

पन्नास वर्षं त्यांनी मुंबईचं तोंड पाहिलं नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेले नाहीत. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, आपल्या पितरांच्या घागरीशेजारी लोटूच्या नावाची वेगळी घागर भरायचे. आणि तू त्यांना त्याच समुद्रात नेऊन टाकलंस.

आता माझं ऐक. एवढा वेळ तुझ्यावर तोंड टाकते आहे, कारण माझं सांगायचं धाडस होत नव्हतं. तो टीव्हीवाला पोरगा घरी आला, "अम्माजी, यही इच्छा थी ना?" म्हणाला. तू माझा हात दाबलास. आणि मी "हाँ" म्हणाले. कॅमेऱ्यासमोर, त्यांच्या फोटोखाली बसून. लेकाची फजिती नको म्हणून मी नवऱ्याला विकलं. त्या दिवसापासून त्यांच्या फोटोला हार घालायला माझा हात धजत नाही. तू त्यांना फसवलंस आणि मी तुला साथ दिली.

काल निंबोल्याला जाऊन आले. लोटूची बहीण मनकर्णा अजून आहे, डोळ्यांनी कमी दिसतं तिला. तिला सगळं सांगितलं, बोटांचंही. तिनं चाचपडत माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाली, "वहिनी, माझी आई मरेपर्यंत विचारायची, माझ्या लोटूजवळ शेवटी कोणी होतं का. म्हणजे होतं म्हणायचं." मी तिला रविवारी बोलावलंय. पहिल्या रांगेत बसव.

शाल देतील, माइक देतील. तुझी पाळी माझ्या आधी आहे. तू स्वतः खरं सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, तुझं नाव घेऊन, सगळ्या गावासमोर. मग तिकीट मिळो, न मिळो. हात दाबू नकोस.

आधी बापूंची बायको, मग तुझी आई,
मालूबाई