डाव्या खांद्याची शिवण

मी, ओटो रेनहोल्ट, वय सदुसष्ट, राहणार मिलर्स फोर्ड, ओहायो. पूर्वी पोलाद कारखान्यात भट्टीवर कामाला आणि दर रविवारी पैसे घेऊन धडकाधडकीचा फुटबॉल खेळणारा. डोक्याने पुष्कळ मार खाल्ला, तरी ते अजून ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. याआधीचे कागद रद्द समजावेत.

एक. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी पुतणी क्लारा हिला. बापाची नजर चुकवून ती मला सूप आणून देत आली. मागचे दार थंडीत अडते, ते खांद्याने ढकलावे.

दोन. माझी हत्यारे व चामड्याचे हेल्मेट स्टेफान व्रोबेल यास. शेजारच्या गावाकडून खेळताना याने माझे नाक मोडले. हे कलम वाचून दाखवले तेव्हा म्हणाला, "नाक मोडलं म्हणून तर तुझ्या थोबाडाला जरा रूप आलं, लेका!" लाभ घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तो बाहेर बसून बडबडतो आहे.

तीन. माझा धाकटा भाऊ एर्न्स्ट, पाद्री. वडीलही पाद्रीच. रविवारी खेळणे घरात पाप, म्हणून मी माइक डॉयल या नावाने खेळलो. अर्धा संघ खोट्या नावांचाच होता. वडील गेल्यावर बिंग फुटले. एर्न्स्ट म्हणाला, "रविवार विकणारा माझा भाऊ नाही. तुझ्या मयतालाही येणार नाही." वडिलांचा जुना काळा झगा त्याला प्रवचनाला हवा होता, तो सापडेना. आई म्हणाली, गरिबाला दिला. एर्न्स्टने ठरवले, ओटोने दारूपायी विकला. आईला वचन दिले होते, म्हणून मी गप्प बसलो. ती गेल्यावर सांगायला गेलो, तर त्याने दार लावून घेतले. ते मला फार लागले.

तेव्हा संघ काही देत नसे, अंगावरच्या गाद्या ज्याने त्याने शिवून घ्यायच्या. माझा काळानिळा खांदा बघून आईने तो झगा पेटीतून काढला आणि माझ्या जर्सीच्या दोन्ही खांद्यांत गाद्या शिवायला त्याला कात्री लावली. "बापाला कळलं तर तुझ्याआधी मला घराबाहेर काढतील. हात वर कर, माप घेऊ दे." रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर आणि मी मैदानात.

ती जर्सी एर्न्स्टला. एर्न्स्ट, मला खऱ्या नावाने तूच पुरावेस, एवढेच मागतो. जबरदस्ती नाही. पण नाही म्हणण्याआधी डाव्या खांद्याची शिवण उसव. आत वडिलांच्या नावाची अक्षरे आहेत, आईने ती कापली नाहीत. उजवा खांदा मात्र उसवू नकोस. तिच्या हातचे तेवढेच टाके उरतील.

साक्षीदार: हर्मन लुत्झ, न्हावी. आयडा पोल्क, शेजारीण.
सही: ओटो रेनहोल्ट
मिलर्स फोर्ड, ९ नोव्हेंबर १९५८, रविवार.