बरडावरची जाळरेषा

बाबा, बरडावरची जाळरेषा आज सकाळी जाळून झाली. दोनदा हात धुतले, तरी नखांतली काजळी निघाली नाही. जेवावंसं वाटेना म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा आपण एकाच घरात राहायचो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही.

माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही या जंगलात मजूर होतात. रोहिणखेडच्या वरचं हे बरड म्हणजे नुसती रेती आणि मुरूम, पाणी धरत नाही. तिथली सालई, अंजन, धावडा म्हातारी झाली तरी ठेंगणीच राहतात. कुणी त्यांना झुडपं म्हटलं की तुम्ही चिडायचात. "जंगलच आहे थे. जमीन उपाशी आहे, म्हणून बुटकं राह्यलं." मधल्या मोकळ्या जागेत कमरेएवढं कुसळ वाढतं आणि थंडी सरताना पार वाळून जातं. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणी पेटवला तर आग त्या गवतावरून सगळ्या डोंगरात जाते. म्हणून आधीच दोन्ही कडांचं गवत कापून मधला पट्टा जाळायचा, म्हणजे पुढची आग तिथे येऊन थांबते; तीच जाळरेषा. हे मला तुमच्याकडून कळलं, शाळेत जायच्याही आधी.

मग मी वनरक्षक झाले आणि नेमणूक आली ती नेमकी याच जंगलात. पहिल्या दिवशी तुम्ही इतर मजुरांबरोबर रांगेत उभे होतात. मला म्हणालात, "नमस्कार, मॅडम." मला वाटलं, गंमत करताय. पण तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर घरी मी 'बाई' आणि जंगलात 'मॅडम', यात तुमची एकदाही चूक झाली नाही.

मग तो दिवस आला. साडेअकरा वाजले असतील. दुसऱ्या दिवशी साहेबांची तपासणी होती आणि वरचा पट्टा जाळायचा राहिला होता. तुम्ही मूठभर गवत चुरगाळून पाहिलं, हवेत सोडलं आणि माझ्याजवळ आलात. "मॅडम, आज नको. वारा फिरून राह्यला. उद्या पहाटीच जाळू, दव असते तवा."

मी म्हटलं, "काम आजच झालं पाहिजे."

तुम्ही परत एकदा म्हणालात, या वेळी हळू, "बाई, आयक माहं."

सगळे मजूर बघत होते. मी म्हटलं, "इथे मी सांगते ते करा."

"बरं, मॅडम," म्हणालात आणि काडी तुम्हीच ओढलीत.

अर्ध्या तासात वारा उलटला. पेटतं गवत कापलेल्या कडेच्या पलीकडे पडलं आणि अंजनाच्या उतारावर आग चढायला लागली. पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन तुम्ही सगळे झोडपत होतात. तुम्ही सगळ्यांच्या पुढे, धुरात, मला फक्त तुमचं मुंडासं दिसत होतं. आग विझली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि उतार अर्धा काळा झाला होता. तुमचा उजवा हात मनगटापर्यंत सोलला होता.

घरी आई हाताला खोबरेल लावत होती. चुलीवर तवा होता. "काऊन गेला होता इतक्या आत?" ती विचारत होती. तुम्ही डाव्या हातानं भाकर मोडत होतात, ती नीट मोडत नव्हती. माझ्याकडे न बघता म्हणालात, "जेवून घे, बाई. थंडी होईन भाकर."

चौकशी लागली. तुमचा जबाब मी लिहिला. मजुराच्या निष्काळजीपणामुळे ठिणगी उडाली, असं लिहिलं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेले. तो कागद तुम्ही ओळ न ओळ वाचलात, मी समोर बसले होते. मग विचारलंत, "सही इथंच करू ना, मॅडम?" आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केलीत.

पुढच्या हंगामात तुम्हाला कामावर घेतलं नाही. तुम्ही खामगावला जिनिंगमध्ये सरकी भरायला जायला लागलात. खोकला तिथं लागला की आधीपासून होता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी लोक माझ्याजवळ बसून रडत होते. मी कुणाला चहा मिळाला नाही ते बघत होते. त्या उतारावर आता घाणेरी माजली आहे. सालईचं एकही नवं रोप येत नाही. अंजन मुळापासून फुटतो, पण वीतभर वाढून थांबतो. मी दर आठवड्याला तिथून जाते. पाय आपोआप चालतात.

काल नवे साहेब स्वतः आले होते. दुपार व्हायच्या आत पट्टा जाळा म्हणाले. मी गवतात हात घातला, ओल नव्हती. कुसळाचे शेंडे एकदा इकडे, एकदा तिकडे कलत होते. मी म्हटलं, "आज नको, सर. उद्या पहाटे." ते नाराज झाले, पण थांबले. आज उजाडायच्या सुमारास वरच्या कडेनं, आग वाऱ्याविरुद्ध सरकेल असं पेटवलं. आग गुडघ्याच्या वर गेली नाही. उन्हं येईपर्यंत पट्टा काळा झाला आणि पलीकडचं एक पानही करपलं नाही.

साहेब खूश झाले. "हे कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "ट्रेनिंगमध्ये, सर."

तुमच्या बरोबरीचा एक म्हातारा मजूर शेजारी फांदी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली बसून चपलेतली राख झटकायला लागला.

हे पत्र वहीतच राहील. तुम्ही असता तर हे सगळं तुमच्यासमोर बसून सांगितलं असतं, असं शेवटी लिहिणार होते. नसतं सांगितलं, बाबा.