आधी आपलं उणं

९ नोव्हेंबर १९८२
साप्ताहिकाचे संपादक म्हणतात, लेखासोबत परिचय द्या. शिक्षण काय लिहू, चौथी नापास? त्यापेक्षा हातानं केलेलं लिहिलं. दोन हातमाग, सागाचे, एकही खिळा न मारता. सुताला खळ लावायच्या, पाजणीच्या कुंच्या, स्वतःच्या आणि अर्ध्या गल्लीच्या. पुस्तकांचं फडताळ. घराची मागची भिंत, ओळंब्यात. लुगड्याचे काठ, अगणित. आणि हा लेख, पाच वेळा फाडून.
कौसल्या चुलीपाशी होती. "पोरगी राह्यली ना लिहाची."
म्हटलं, तिच्यात तुझाही हात आहे वं. हसली. बरेच दिवसांनी.

१२ नोव्हेंबर
आज आमची पाजणी. पहाटेच गल्लीभर उभ्या सुताचा ताणा ताणला, खळ लावली, कुंची फिरवत होतो. वारा फिरला आणि कारखान्याच्या चिमणीची काजळी आली. कोरड्या सुतावरून झटकता येते, ओल्या खळीवर बसली की बसली. पुसलं की पसरते. गांधीबागेतला व्यापारी डागावर बोट ठेवून भाव पाडेल. असं आणखी एक वर्ष गेलं तर गल्लीतला एकही माग चालणार नाही. हे मी रागानं लिहीत नाही, हिशेबानं लिहितो.

१५ नोव्हेंबर
लेख देण्याआधी इतरांचे पुन्हा तपासले. कात्रणं, तांबडी पेन्सिल.
एका प्राध्यापकांचा लेख, याच चिमणीवर. नदी माता, झाडं लेकरं, चिमणी राक्षस. वाचायला गोड. पण राक्षसाला नोटीस कशी बजावायची? तो फक्त अवतारानं मरतो, आणि अवताराची वाट बघणं म्हणजे काही न करणं. शेवटी ते वाचकालाच विचारतात, "आपण जागे होणार का?" वाचक मान डोलावतो नि पान उलटतो.
कारखान्याचं पत्रक जास्त हुशार. पहिल्या ओळीपासून "आपण सारे". आपण सारे मिळून प्रगती, आपण सारे मिळून स्वच्छता. वाचून संपेपर्यंत काजळीत माझाही वाटा निघतो.
माझा लेख दोन्हींसारखा नाही. आमच्या पंचांपुढे तक्रार घेऊन गेलेला माणूस आधी आपलं उणं सांगतो, मग दुसऱ्याचं. ते सांगितल्याशिवाय पंच ऐकतच नाहीत. तसाच लिहिला. दुसऱ्या परिच्छेदात स्पष्ट: आमच्या रंगाच्या भट्ट्यांचं पाणीही नाल्यातच जातं. मग चिमणी.
या परिच्छेदाचा मला अभिमान आहे.

२१ नोव्हेंबर
छापून आला. काटछाट नाही. पानठेल्यावर मोठ्यानं वाचला गेला. नामदेव, कौसल्येचा भाऊ, त्याची रंगाची भट्टी गल्लीच्या टोकाला, तोही ऐकत होता. म्हणाला, "भाऊजी, चिमनीले चांगला रगडला. पन माह्या पान्याचं काहून घातलं?"
पंचांची रीत सांगितली.
"पेपर वाचनारे पंच हायेत का गा?"
सगळे हसले. मीही.

३ डिसेंबर
कारखान्याचं नवं पत्रक. सीताबर्डीत वाटून राहिले, एक माझ्याच दारात टाकलं. वर ठळक अक्षरात माझं वाक्य, भट्ट्यांच्या पाण्याचं. अवतरणचिन्हात, खाली माझं नाव, "ज्येष्ठ विणकर लेखक". त्याखाली: विणकर बांधव स्वतःच मान्य करतात. चिमणीचा पुढचा मजकूर कुठेच नाही.
एक अक्षर बदललेलं नाही. खोटं म्हणून बोट ठेवायला जागाच नाही. असं तर मलाही सुचलं नसतं.

७ डिसेंबर
महापालिकेची माणसं आली. नामदेवच्या भट्टीला सील. हातात ते पत्रक. चिमणीकडे कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.
ना. दारात आला, आत आला नाही. "भाऊजी, चिमनीवर लिवा म्हटलं होतं. घरच्याचं मढं कोनी चौकात ठेवते का?"
मी म्हणालो, पण ते खरं होतं.
"खरंच होतं ना. तेच म्हनतो."

११ डिसेंबर
उत्तर लिहायला बसतो. ते वाक्य मागे घ्यावं तर मी खोटा. पुन्हा लिहावं तर पुन्हा तेच छापतील. प्राध्यापकांसारखं राक्षस-राक्षस लिहून पाहिलं, तीन ओळी. हात लाकडासारखा. मग "आपण सारे" घेऊन पाहिलं आणि
फाडलं.
चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिता येतं हे मला कळतं. एकीनंही सील निघत नाही. मग एवढं शिकून काय केलं मी?
कौसल्येनं ताट ठेवलं. म्हणाली, "खरं लिहिलं ना? मंग आता खरंच खा." भाजी नव्हती.
संध्याकाळी तिनं लुगडी गाठोड्यात बांधली. भावाकडे चालली म्हणते, चार दिवस. पोरीला घेऊन गेली.

१४ डिसेंबर
कारखान्याचे साहेब घरी आले. जोडे बाहेर काढले, कौ. नसल्याचं पाहून चहा नको म्हणाले. मागाला हात लावला, काठ निरखला. माणूस वाईट वाटला नाही, हे लिहून ठेवतो.
म्हणाले, "तुमच्या लिखाणाला वजन आहे. आधी स्वतःचं सांगता, म्हणून लोक विश्वास ठेवतात. आमच्या मासिकात दर महिन्याला एक पान लिहा, साडेचारशे रुपये देऊ. आम्ही झाडं लावतोय, त्यावर."
विचारलं, आणि चिमणी?
"तिच्यावर लिहू नका, एवढंच. खोटं लिहा असं कुठं म्हणतोय?" मग उठता उठता, "तुमच्या मेहुण्यांच्या भट्टीचं बघतो. पुढल्या आठवड्यात सील निघेल. माझा शब्द."
मी नाही म्हणालो. लगेच. विचार न करता, आणि तेच आता छातीत अडकून बसलंय.
ना.ला सांगितलेलं नाही. कौ.लाही नाही. एका पानाचे महिना साडेचारशे रुपये, आणि भट्टी उघडून.