कोऱ्या पडद्यावरचा बैल

नांदेड,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. तारामतीकाकूंना उज्वलाचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक. तुमची कारळाची चटणी होस्टेलच्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केली. फोन केला नाही म्हणून रागावू नका. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि काका शेजारीच असतात. हे पत्र एकट्यानं वाचा.

दिवाळीनंतर काकांना प्रयोगशाळेत नेलं होतं ना? देवणी बैलांचे पारखी जनावर कसं पाहतात, ते आम्ही अभ्यासतो. नजर कुठं थांबते ते कॅमेरा टिपतो, बोटांना घाम आणि नाडी मोजणारे पट्टे, डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी. "मला नवरदेव करायलीस का गं?" काका म्हणाले. सगळे हसलो.

पडद्यावर बैलांचे फोटो सुरू झाले. काकांची नजर एकावरही ठरेना. चित्र दिसल्याबरोबर मेंदूच्या आलेखात उसळी यायला हवी, ती येईना. घाम आणि नाडी मात्र चढतच होती. मध्ये एकदा आम्ही पडदा मुद्दाम कोरा ठेवतो. काका म्हणाले, "ह्यो लई बेस हाय. खांदा भरलाय."

समोर काहीच नव्हतं, काकू.

त्याच दुपारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली ऑपरेशननं राखता येईल, पण उशीर नको. स्टँडवर काकांनी थेंबांची बाटली माझ्या पर्समध्ये परत टाकली. "माझी शपथ हाय, घरी बोलायचं न्हाई. पारख्याला दिसत न्हाई म्हणल्यावर बाजारात कोण इचारतंय?"

शपथेमुळं गप्प राहिले, असं मी स्वतःला समजावत होते. ते खरं नाही. 'माझ्या काकांसारखा पारखी जिल्ह्यात नाही' असं मीच आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमपुढं मिरवलं होतं. मला लाज वाटली. नोंदीत मी 'यंत्रात बिघाड' लिहिलं. माझ्या लाजेपायी त्यांच्या डोळ्यांचे तीन आठवडे गेले. काल मॅडमना खरं सांगितलं, आज तुम्हाला.

तुम्हालाही शंका आली असेलच. ताटात भाजी कुठं, भाकरी कुठं, हे हल्ली तुम्ही त्यांना वाढताना सांगता.

ऑपरेशनची तारीख येत्या सोमवारची आहे, लातूरला. रडा, भांडा, जेवण बंद करा, पण त्यांना घेऊन या. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घ्या. त्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं नाही तरी चालेल. पण कधी उभी राहिलेच, तर त्यांनी मला तोंड बघून हाकलावं, आवाज ऐकून नको.

शपथ मोडणारी तुमची पुतणी,
उज्वला