नवमीला भिजलेला बोर्ड

१२ ऑक्टो. ९७, रवि.
काल दसरा. सोनं द्यायला कुणाकडं गेलो न्हाई. धर्मापुरीच्या आप्पा मास्तरांचा कॉम्प्युटर मेलाय, अन् मीच मारलाय. नुसती बॅटरी बदलायला आलता. बदलली, चालू करून बघितला, झकास. नवमीला दुकानातल्या रिपेरीच्या समद्या रेडिओ-टीव्हींची पूजा केली, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. दरसालची रीत. त्यांच्यातच ठेवलेल्या ह्या कॉम्प्युटरचं झाकण उघडं हाय हे ध्यानातच न्हाई आलं. आज बटन दाबलं तर पंखा फिरतो, बाकी ठार शांत. हात कसे झडले न्हाईत माझे!

१४ ऑक्टो.
मदरबोर्ड सोडवला. मेमरीच्या खाचांत हळदकुंकवाचा चिखल. स्पिरिट अन् दात घासायचा ब्रश. बायको म्हणते, "देवाचं हाय, जपून धुवा." असा राग आला! पाच व्होल्ट येतंय, पण चालू होताना वाजते ती बीप न्हाई.

१७ ऑक्टो.
औरंगाबादला गेलतो. बोर्ड पिशवीत, पिशवी मांडीवर. तिथल्या इंजिनियरनं हातात बी घेतला न्हाई. "दहा वर्षं जुना माल. भंगारात द्या." म्हणलं, डिस्क तरी नव्या मशीनला लावून बघा. तर तिची पिनच नव्याला बसत न्हाई. म्हणजे हाच बोर्ड जित्ता व्हायला पायजे. येताना मांजरसुंब्याला चहा घेतला, अर्धा टाकून दिला.

१८ ऑक्टो.
आप्पा आले. डोळ्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो. बालाघाटातले बोलीतले शब्द, सात वर्षं गावोगाव हिंडून गोळा केलेले, समदे त्या डिस्कमधे. वह्यांना वाळवी लागली म्हणून तर मशीनमधे उतरवले; वह्या आता उरल्या न्हाईत. फ्लॉपीवर उतरवून ठेवा म्हणलं होतं मी, पण...
"पार्ट यायचाय," म्हणलं. धडधडीत खोटं.
"येऊ दे की. घाई कुठं हाय?"
अठ्ठ्याहत्तर वय. म्हणे घाई न्हाई.

२३ ऑक्टो.
तांब्याच्या तीन रेषा गंजून तुटलेल्या सापडल्या. भिंग लावून केसाएवढ्या तारेनं जोडल्या. बीप न्हाई. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय, अन् हे मला कळतच न्हाई. तेवढ्यात लाईट गेली, बरंच झालं.

२७ ऑक्टो.
आप्पा परत आले. आज राहवलं न्हाई. सांगून टाकलं समदं. नवमी, नारळ, उघडं झाकण.
मग म्हणाले, "माझ्या बी मशीनला शिंपडलंस?"
"तुमच्याला जरा जास्तच, आप्पा. मानाचं म्हणून."
हसायला लागले. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले. शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं मी. मग चाचपत बोर्डावरून बोटं फिरवली, हात मागं घेतला.
"लाव बरं."
लावलं. पंखा फिरला.
"लागलं का रं?"
"न्हाई, आप्पा."
"परत लाव."