एक्केचाळीस नंबरचा ग्लास

प्रिय याद्विगा,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शनिवार. एवढे दिवस ते कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडतोय. तू दोनच गोष्टी मागितल्यास. पुढच्या महिन्यात बाबांना ऐंशी पूर्ण होतील तेव्हा मी यावं, त्यांच्या बिअरचा पहिला घोट घ्यावा आणि सगळ्या गावासमोर म्हणावं, "काका, जमलं." कारण ते फक्त माझं ऐकतात. आणि दुसरी, काउनासच्या स्पर्धेत त्यांच्या बिअरवर तसलं लिहिणारा तो 'परीक्षक तीन' कोण, ते माझ्या ओळखींतून शोधून काढावं. तुला त्याला एकच विचारायचंय, त्या दिवशी त्याच्या जिभेला झालं तरी काय होतं.

बिअरच्या सामानाचं माझं दुकान बरं चाललंय. दर शनिवारी घरी बिअर करणारी दहा-बारा मंडळी शिकायला येतात. हॉप्सची कडू फुलं कधी टाकायची, जवाची भरड किती वेळ मुरवायची, तांब्याची नळी बरी की स्टीलची? आज एक दंतवैद्य आले होते, तीन थर्मामीटर बाळगणारे. म्हणाले, "साहेब, सगळं पुस्तकातल्यासारखं केलं, तरी बिअर रंग दिलेल्या पाण्यासारखी का लागते हो?" मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही जवाला उपटायच्या दातासारखं धरता. त्याला जरा एकटं सोडा." सगळे खो खो हसले. वाक्य तुझ्या बाबांचं. माझ्या तोंडची निम्मी वाक्यं त्यांचीच आहेत, आणि लोक वह्या काढून माझ्या नावावर लिहून घेतात.

बाविसाव्या वर्षी दूध कारखान्यातून मला काढलं, तेव्हा तुमच्या कोठारात मी आलो तो फुकटचं प्यायला. काकांनी हातात फावडं दिलं. पिंपाच्या तळाशी पेंढा कसा अंथरायचा, वर रास्पबेरीच्या काड्या आडव्या का टाकायच्या, म्हणजे रस गाळून खाली येतो आणि भरड वर राहते, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "कान भाड्याने दिलेस का रे?" पाणी किती तापवायचं? "तीनदा बोट बुडव. तिसऱ्यांदा तोंडातून शिवी आली की झालं." जवाचा रस ते कधी उकळत नसत. हॉप्सचा काढा वेगळा करायचा आणि वरून ओतायचा. आणि विहिरीत दोरीला सोडलेली ती यीस्टची बरणी! कुणी मागायला आलं तर त्याला रिकामं पाठवायचं नाही, हा तुमच्या घरचा नेम. तुझी आई भरून द्यायची आणि बजावायची, "जपून ने गं, लेक आहे आमची." सगळ्या गावात, सतरा घरांत, तुमच्या एका बरणीचंच यीस्ट उकळ्या मारत होतं.

स्पर्धेनंतर दोन आठवड्यांनी काका बसने इथे पानेवेझिसला, माझ्या दुकानात आले, हे तुला ठाऊक नाही. परीक्षक तीनने हाताने शेरे लिहिलेला तो कागद टोपीच्या अस्तरात घडी करून आणला होता. "रापोल्या, शिकलेली माणसं लिहितात बघ. मला निम्मं कळत नाही, तू नीट समजावून सांग." मी चष्मा लावला. लोण्याचा वास, हा दोष. गढूळ, हा दोष. रस तासभर उकळावा, लाकडी पिंप मोडीत काढावं, प्रयोगशाळेतलं यीस्ट वापरावं. पन्नासपैकी सतरा. मी एकेक ओळ समजावून सांगितली. ते मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "माणूस रोखठोक आहे. चाळीस वर्षांत कुणी तोंडावर बोललं नाही. ह्याचा पत्ता काढ, एक बाटली पाठवतो." मी त्यांना स्टीलचा हंडा विकला, यीस्टची पाकिटं दिली आणि बसमध्ये बसवून आलो.

पुढचं तू पाहिलंसच. त्यांनी बरणी उकिरड्यावर ओतली. तेवढ्यावर थांबले असते तरी एखाद्या घरातून परत मागून आणता आलं असतं. पण तुझे बाबा! सतराही घरांची दारं वाजवून त्यांनी सांगितलं, "मी तुम्हाला खराब माल दिलाय, ओतून टाका." डोमिनिकासकाका खोटं बोलत नाहीत, म्हणून सगळ्यांनी ओतलं. आता गावात ते यीस्ट थेंबभरही नाही. काका दर महिन्याला कागदाबरहुकूम चकचकीत, स्वच्छ, मुकी बिअर करतात, आणि शेजारपाजारचे लोक अर्धा पेला तसाच ठेवून "काय मस्त थंडी पडलीय" म्हणत उठतात.

परीक्षक तीन मीच, याद्विगा. आमच्यापुढे ग्लासांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते, पण एक्केचाळीसचा पहिला घोट घेतला आणि मी तुमच्या कोठारात उभा होतो. त्या टेबलावर त्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं. राजधानीहून आलेला पोरगेला परीक्षक म्हणाला, "ग्लासाला लोणी कुणी फासलं हो?" मी पण हसलो. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला होता, कुणाकडे न शिकता स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस म्हणून. एक्केचाळीस जिंकला तर माइक काकांच्या हातात जाणार, आणि ते कौतुकाने बोलणार, "हा रापोल्या माझ्याच पिंपाशी शिकला." एवढ्यासाठी मी सगळ्यांच्या आधी पेन उचललं. बाकीच्या दोघांनी माझ्याकडे बघून आकडे लिहिले. तू लिहितेस, "मीच बाबांना स्पर्धेत ढकललं." तो दोष तुझ्या डोक्यावरून आजच्या आज उतरव.

मी येईन, पण "जमलं" म्हणणार नाही. खरं काय ते सांगेन. काका मला हाकलतील ह्याची भीती नाही. भीती ही आहे की ते माझा खांदा थोपटतील आणि म्हणतील, "म्हाताऱ्याचा वाढदिवस म्हणून गोड बोलतोस होय? कागदावर लिहिणारा माणूस खोटं कशाला लिहील?" एरवी मी पत्रं छापून पाठवतो. माझं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नाही, आमचं सगळं तोंडी. म्हणून हे हाताने लिहिलं. भट्टीशेजारी भिंतीला लावलेला तो कागद काढ, हे पत्र त्याच्याशेजारी ठेव आणि दोन्हींवरचं अक्षर बाबांना दाखव. मी यायच्या आत दाखव.

आता तू नाही म्हटलंस तरी, तुझाच,
रापोलास