हवेच्या तंबूतली माझी खोली

प्रिय विनी,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं ईस्टरचं कार्ड अजून खिडकीत उभं आहे आणि येता-जाता त्याच्याकडे बघवत नाही. लिहायला बसलो की जिलियन विचारते, बाबा, आत्याला लिहिताय का, आणि चहा घेऊन शेजारीच बसते. लेक म्हणून काही कमी करत नाही ती. आज ती नातीला, फ्रेयाला, पोहायला घेऊन गेली आहे, जावई ग्रॅहम बाहेर गाडी धुतोय, तेवढ्यात उरकतो. पेन मुठीत धरून लिहितोय. अक्षर आधीच शाळा अर्धी सोडलेल्याचं, तेव्हा लावून घे.

बोटं तशीच आहेत. ग्रिम्सबीच्या गोदीवर उभा जन्म बर्फातले मासे कापले, ती आता पुरती मिटत नाहीत. कप दोन्ही तळव्यांत धरतो. जिलियनला वाटतं, मला थंडी वाजते. वाटू दे.

मोठी बातमी म्हणजे आम्ही तंबू घेतला. हवेचा. त्याला काठ्या नसतात, नळ्यांत पंपाने हवा भरली की बसलेली गाय उठावी तसा हळूहळू उठतो. ऑगस्टमध्ये वेल्सला समुद्रावर जायचं आहे. घरात दुसरा विषय नव्हता. ग्रॅहमची कंबर धरलेली, त्याला एकट्याने गाडीच्या टपावर चढवता येईल असा हलका हवा. जिलियनला तीन खोल्यांचा हवा, तिसरी माझी. हलके सगळे दोन खोल्यांचे आणि तीन खोल्यांचे उचलता उचलत नाहीत. ग्रॅहम म्हणाला, मग तंबूला आत बसवू आणि बाबांना टपावर बांधू. मीही हसलो. मी घरीच राहतो, मांजर सांभाळतो, असं म्हणून पाहिलं. पण माझी मार्गारेट गेल्यानंतर एकदा माझ्या हातून गॅस चालू राहिला होता. बटण शेवटपर्यंत फिरलंच नव्हतं, त्यांना वाटलं मी विसरलो. जिलियन म्हणाली, तुम्ही नाही तर आम्हीही नाही. गेल्या वर्षी तेच झालं. फ्रेयाने अख्खी सुट्टी मागच्या अंगणात रबरी टबात पाय बुडवून काढली, आणि एका शब्दाने बोलली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मग शनिवारी दुकानात गेलो. मागच्या मैदानात तंबू उभे करून ठेवलेले असतात. लोक बूट काढून आत शिरतात, आडवे पडून बघतात, आणि शेजारी कोण आडवं आहे तिकडे कुणी बघत नाही. तिथे एक नवा निघाला होता, पातळ कापडाचा, तीन खोल्यांचा, आणि ग्रॅहमने तो घडी केलेला एका हाताने उचलला. पण महाग, त्यामुळे जिलियनचं ठरेना. झोपायच्या खोल्या काळ्या कापडाच्या, सकाळचं ऊन आत येऊ नये म्हणून. फ्रेया म्हणाली, आजोबा, तुमची खोली बघा. मी आडवा झालो तशी तिने बाहेरून चेन ओढून घेतली, खेळ म्हणून, आणि पळाली.

विनी, त्या चेनची टिकली नखाएवढी. चाचपडून सापडली, पण धरता येईना. मुठीत धरून पाहिली, शेवटी दातांत धरून पाहिली. बाहेर कुणी चहाचं विचारत होतं. एक हाक मारली असती तर सुटलो असतो. पण म्हातारा तंबूत अडकलाय म्हणून चार परक्या माणसांसमोर दुकानदाराने येऊन सोडवायचं, ते मला जमलं नाही. छाती अशी धडधडत होती की कापड हलतंय असं वाटलं. जिलियनने चेन उघडली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, जांभई दिली आणि म्हणालो, छान डोळा लागला.

तिचे डोळे भरून आले. "ग्रॅहम, हाच घ्यायचा," ती म्हणाली. "आई गेल्यापासून बाबा दुपारचे असे झोपलेच नव्हते."

घेतला. फ्रेयाने माझ्या खोलीच्या पिशवीवर 'आजोबा' असं रंगवलंय. जिलियन शेजारणीला माझ्या झोपेची गोष्ट सांगते. चेन थोडी उघडी ठेवू म्हणालो, तर ग्रॅहम म्हणतो, डास फोडून खातील. या वयात रात्री किती वेळा उठावं लागतं ते तुला सांगायला नको. खरं सांगावं तर तंबू परत जाईल आणि फ्रेयाचा समुद्र यंदाही राहील. न सांगावं तर त्या काळ्या कापडात मी.

म्हणून हे पत्र. तू जिलियनला लिही की ऑगस्टमध्ये तुला मी हवा आहे. गुडघा धरलाय म्हण, कोंबड्यांकडे बघायला कुणी नाही म्हण, तुझं तू ठरव. तुझ्या दारांना लांब दांडीच्या कड्या आहेत, कोपराने उघडतात. मी सोफ्यावर झोपेन. पत्र तिच्या नावाने घाल, माझ्या नको. आधी मी कुरकुर करीन, इतका छान तंबू सोडून कुठे जाऊ म्हणेन, ते मनावर घेऊ नकोस. येत्या रविवारी अंगणात तंबू उभारून सगळ्यांनी एक रात्र झोपून बघायचं ठरलंय. त्याआधी पोचेल असं लिही, विनी. आजच लिही.

तुझाच भाऊ,
क्लिफर्ड